अर्ध्या गोळीचा हिशेब

रोवणीचे दिवस आले की साकोलीत घरोघरी कुणी ना कुणी तापाने फणफणलेले असते. मोठ्यांसाठी आणलेल्या पाकिटातली उरलेली गोळी आम्ही मोडतो, अर्धी पोराला देतो आणि ‘अल्लाह शिफा देईल’ म्हणून निर्धास्त होतो. कधी औषधाचा दुकानदार तसे सुचवतो, कधी डॉक्टरच मोठ्यांचे औषध ‘अर्धे द्या’ म्हणून लिहून देतात. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण प्रश्न हेतूचा नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, हा आमचा समजच चुकीचा आहे. औषध पचवून बाहेर टाकणारे यकृत आणि मूत्रपिंड तान्ह्या वयात पुरते तयार झालेले नसतात. ॲस्पिरिनने मोठ्यांचा ताप उतरतो. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांत मात्र त्याचा संबंध रेज सिंड्रोम या जीवघेण्या आजाराशी आढळला. निमेसुलाइड आपल्याकडे वर्षानुवर्षे मुलांना दिले गेले. १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली ती २०११ साली. त्याआधी ते घेतलेल्या लेकरांचा हिशेब कुणी ठेवला?

डॉक्टरांची अडचणही खरी आहे. मुलांवर प्रयोग करणे अनैतिक, म्हणून बरीच औषधे मोठ्यांवरच तपासली गेली आणि मुलांचा डोस अंदाजाने ठरत राहिला. देखरेखीखाली, नोंद ठेवून जे करायला माणूस कचरला, तेच घराघरांत नोंदीविना होत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आवश्यक औषधांची वेगळी यादी काढली ती २००७ साली. मुलांच्या आजारांवर स्वतंत्र लेखन करणाऱ्या अल-राझींना जाऊन तेव्हा हजाराहून अधिक वर्षे झाली होती!

मोठा माणूस औषध घेतो तेव्हा धोका तो स्वतः पत्करतो. मुलाच्या वतीने तो आम्ही पत्करतो. मूल ही आमच्याकडे सोपवलेली अमानत आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीला जबाबदार, हे फिक्हमधले जुने तत्त्व आहे. ते आम्ही फक्त भोंदू हकिमाला लावतो. घरात गोळी मोडणाऱ्या अब्बांना का लावत नाही?

‘डॉक्टरसाहेब, हे औषध या वयाला चालते का? मुलाचे वजन करून डोस सांगाल का?’ एवढे विचारण्यात बेअदबी नाही. ज्याला अजून नीट बोलताही येत नाही, त्याच्यासाठी आम्हीच विचारायचे असते.