सत्तावीस इंचांचा हिशेब

पुणे

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही मॉनिटरच्या लिंक पाहिल्या. तिन्ही नापास. फोनवर एवढं सांगून भागलं असतं, पण मग तू चौथी लिंक पाठवली असतीस, म्हणून सविस्तर लिहिते.

तिन्ही २७ इंची, तिन्ही १९२० बाय १०८०, तिन्ही वक्र, आणि तिघांच्याही जाहिरातीत ‘२४० हर्ट्झ’ सगळ्यात मोठ्या अक्षरात. आता तुझा दिवस बघ. दिवसभर ऑफिसचं काम, म्हणजे मेल आणि एक्सेल. संध्याकाळी लग्नपत्रिका, पाकिटांची लेबलं, अधूनमधून एखादा फ्लेक्स. जेवणं झाली की तास-दीड तास व्हॅलोरंट. सर्वांत जास्त वेळ तू अक्षरं बघतोस, त्याखालोखाल रंग, आणि सर्वांत कमी वेळ गोळ्या झाडतोस. खरेदीची यादी मात्र गोळ्यांपासून सुरू केलीस. पैसे अक्षरांचे आणि रंगांचे येतात, तेव्हा मॉनिटर त्यांच्यासाठी निवड. तुझ्या पंचवीस हजारांत गेमचंही त्यातच चांगलं भागेल.

आधी अक्षरं. २४ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० असेल, तर इंचाला साधारण ९२ पिक्सेल येतात. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२ उरतात. काच मोठी झाली, पण पडद्यावर मावणारा मजकूर एका ओळीनेही वाढला नाही, वर प्रत्येक अक्षराच्या कडा फाटल्या. त्याच २७ इंचांत २५६० बाय १४४० घेतलंस तर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. इंग्रजी मजकुरात हा फरक एक वेळ चालवून घेता येतो. देवनागरीत नाही. आपलं अक्षर तीन मजली: वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार; मध्ये अक्षर; खाली उकार. दहा पॉइंटात ‘वर्षांपूर्वीच्या’ हा शब्द टाइप कर आणि ८२ पिक्सेलच्या पडद्यावर बघ. रफार आणि त्याच्या शेजारचं टिंब मिळून शिरोरेषेवर एक करडा डाग दिसेल. अशा पडद्यावर प्रूफ वाचताना ‘शांता’ची ‘शाता’ झालेली नजरेतून निसटते, आणि हजार पत्रिका छापून झाल्या की ती सगळ्यात आधी मुलीच्या मामाला दिसते.

दुसरं, कागदाचं माप. ए-फोर उभा धरला की २९७ मिलिमीटर उंच. २४ इंची पडद्याची उंचीही जवळपास तेवढीच, म्हणजे पान खऱ्या मापात उघडलं की मेन्यूला आणि खालच्या पट्टीला जागाच नाही. २७ इंची पडदा साधारण ५९८ मिलिमीटर रुंद आणि ३३६ उंच असतो. दोन ए-फोर शेजारी शेजारी खऱ्या मापात बसतात आणि तरी बाजूला टूल्स आणि लेयर्स ठेवायला सतरा-अठरा सेंटिमीटर उरतात. पुस्तिकेची समोरासमोरची पानं लावताना हे सुख काय असतं ते लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून तुझ्या कामाला २७ हे माप बरोबरच आहे. तुझं चुकलं ते पिक्सेलमध्ये.

मग थेट फोर-के का नको? गेम नसते तर मी तेच सांगितलं असतं. २७ इंची फोर-केवर विंडोज १५० टक्क्यांवर ठेवलं की जागा २५६० बाय १४४० एवढीच मिळते, पण अक्षर छापील दिसतं. मात्र तुझं ३०६० ग्राफिक्स कार्ड फोर-केवर जड गेम खेळताना धापा टाकेल, आणि भरपूर हर्ट्झचा फोर-के तुझ्या बजेटच्या वर जातो. शिवाय तुझ्या प्रेसवाल्याकडच्या पेजमेकरच्या फायली तुला अजून उघडाव्या लागतात ना? जुन्या सॉफ्टवेअरची बटणं फोर-केवर मुंगीएवढी तरी होतात, नाहीतर फुगून धूसर तरी.

आता रंग, माझा प्रांत. खोक्यावर ‘१.६७ कोटी रंग’ असं लिहिलेलं असेल. त्याला भुलू नकोस. तो आकडा रंगांच्या पायऱ्या किती ते सांगतो. त्या पायऱ्या कुठपर्यंत पोचतात ते सांगत नाही. विचारायचं ते हे: एसआरजीबी किती टक्के? १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेली ही रंगांची हद्द, आणि वेबवरची बहुतेक चित्रं आजही तीच धरून चालतात. ९९ टक्के लिहिलेलं असेल तर पुढे बोल. काही जण ‘७२ टक्के एनटीएससी’ असं लिहितात, ते ढोबळमानाने एसआरजीबीएवढंच. ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं की दुकानदाराला नमस्कार करून निघ. त्यावर कुंकू विटकरी दिसतं.

याच्या उलटं दुखणंही असतं, आणि तुझ्यासारख्याला तेच जास्त महागात पडतं. गेमिंग मॉनिटर हल्ली ‘९५ टक्के डीसीआय-पीथ्री’ असं मिरवतात. ही सिनेमाची हद्द, एसआरजीबीपेक्षा मोठी. फोटोशॉपसारखं रंगव्यवस्था पाळणारं सॉफ्टवेअर प्रोफाइल बरोबर असेल तर त्यातून वाट काढतं, पण बाकी सगळीकडे साधे रंगही भडक होतात. समज, तू सांगलीतल्या एखाद्या व्यापाऱ्यासाठी हळदीच्या पाकिटाचं लेबल करतो आहेस. पिवळा १००, मॅजेंटा २५ घेतलास. पडद्यावर ती हळद केशरी पेटल्यासारखी दिसली, म्हणून मॅजेंटा १५ वर आणलास. आता डोळ्याला बरं वाटलं. फाइल गेली, प्लेट निघाल्या, मशीनवर चढलं, आणि पाकिटावर हळदीऐवजी लिंबू उतरलं. मशीनवाल्याने काही केलेलं नसतं. शाई बरोबर, कागद बरोबर; पडदा खोटं बोलत होता आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवून आकडे बदललेस. म्हणून मोठी हद्द असलेला मॉनिटर घेतलास तरी त्याच्या मेन्यूत ‘एसआरजीबी’ नावाचा मोड असलाच पाहिजे. आणि तो लावल्यावर ब्राइटनेस कमी-जास्त करता येतो का, हे दुकानातच बटण दाबून बघ. काही मॉनिटर त्या मोडमध्ये ब्राइटनेसला कुलूप घालतात, मग तो मोड असून नसल्यासारखाच.

ब्राइटनेसचंही ऐक. नवा मॉनिटर येतो तो दुकानात उठून दिसावा अशा बेताने, डोळ्यांवर बॅटरी मारल्यासारखा. छपाईच्या कामाला १०० ते १२० निट्स पुरतात. निट्स मोजायला यंत्र नसेल तर कोरा पांढरा कागद दिव्याखाली पडद्याशेजारी धर, आणि पडद्याचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याशी जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरव. रंगाचं तापमान ६५०० केल्व्हिन. ‘आय केअर’, ‘रीडिंग’ वगैरे पिवळट मोड ऑफिसच्या वेळेत खुशाल ठेव, पण लेबल उघडण्याआधी बंद कर. ओळखीच्या फोटोग्राफरकडे कॅलिब्रेटर असतो. एका संध्याकाळपुरता मागून आण आणि प्रोफाइल बनवून ठेव. एवढं करूनही पडदा म्हणजे उजेड आणि छपाई म्हणजे शाई. प्रूफ काढल्याशिवाय मोठी ऑर्डर सोडायची नाही.

पॅनेल आयपीएसच घे. बाजूने बघितलं तरी रंग हलत नाही, आणि गिऱ्हाईक नेहमी तुझ्या खांद्यामागे उभं असतं. त्याचा काळा रंग थोडा करडा, अंधारात कोपऱ्यांत उजेड दिसतो, ते सोसायचं. व्हीए पॅनेलचा काळा जास्त गडद असतो, कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या सुमारे तिप्पट, पण स्वस्त व्हीएमध्ये गडद चित्र हललं की मागे शेपूट राहतं. तू पाठवलेल्यांपैकी दोन त्यातलेच. ओएलईडी दिसायला देखणा, किंमत तुझ्या बजेटच्या कितीतरी पुढे, आणि दिवसभर एकाच जागी एक्सेलच्या रेघा आणि टास्कबार राहिला तर त्याचा ठसा पडद्यावर कायमचा उमटायची भीती. तुझ्यासाठी नाही.

आणि वक्र? ३४ इंची रुंद पडद्याला वक्रतेचा अर्थ आहे, कडा डोळ्यांच्या अंतरात येतात. २७ इंचांत ती फक्त फोटोत छान. चौकटीची सरळ रेघ सरळ आहे की नाही, ही शंका कामात कशाला घ्यायची?

आता तुझे हर्ट्झ. भागाकार कर. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ ला ६.९ ने, २४० ला ४.२ ने. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलास की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात. तो फरक माउस हलवताक्षणी मलासुद्धा दिसतो. पुढे २४० पर्यंत जाऊन वाचतात ते पावणेतीन. स्पर्धांत उतरणारे २४-२५ इंची पडदा आणि २४० किंवा ३६० हर्ट्झ घेतात ते त्यांच्या पोटापाण्यासाठी. तुझं पोट लेबलांवर आहे. १४४ ते १८० हर्ट्झचा घे. व्हॅलोरंट हलका गेम. तुझं कार्ड १४४० वरही तेवढ्या फ्रेम सहज देईल. जड गेममध्ये फ्रेम शंभरच्या खालीच राहतील, मग २४० चा पडदा काय चाटायचा? तिथे फ्रीसिंक किंवा जी-सिंक कंपॅटिबल असलेला मॉनिटर कामाला येतो: कार्ड जसं चित्र देईल तसा पडदा बदलतो आणि चित्र मधून फाटत नाही.

‘१ एमएस’ हा आकडा वाचून पुढे जा. बऱ्याचदा तो बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो, नाहीतर रंगबदलातल्या सगळ्यात सोयीच्या जोडीवर मोजलेला. ‘एचडीआर ४००’ चंही तेच. त्या बिल्ल्यासाठी बॅकलाइटचे भाग वेगवेगळे मंद करता येण्याची अटच नाही, त्यामुळे आयपीएसवर अंधार करडाच राहतो. त्या बिल्ल्यासाठी एक रुपया जास्त देऊ नकोस.

जो पैसा वाचेल तो स्टँडमध्ये घाल. वर-खाली होणारा स्टँड हवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. स्टँड साधा असेल तर मागे १०० बाय १०० ची व्हेसा भोकं आहेत का बघ, मॉनिटर धरणारा हात नंतर लावता येतो. टेबल खिडकीला काटकोनात ठेव. आत्ता तुझी खिडकी थेट पाठीशी आहे आणि पडद्यात निम्मं अंगण दिसतं, हे मी गणपतीत आले होते तेव्हाच वहिनीला म्हटलं होतं.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुझंच काम घेऊन जा: दहा पॉइंटातलं एक मराठी पान, हळदीचं लेबल, आणि लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी अशी कोरी पानं. कोऱ्या पानांवर मेलेला पिक्सेल दिसतो. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी सगळ्या कंपन्या पडदा बदलून देत नाहीत. किती ठिपके झाले तर बदलणार, हे पैसे देण्याआधी विचार. ब्राइटनेस अगदी कमी करून फोनचा कॅमेरा समोर धर. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकतो आहे. दिवसभर बसणाऱ्याने तो घेऊ नये. ऑनलाइन घेतलास तर खोकं फोडताना व्हिडिओ काढ. वॉरंटी तीन वर्षांची, आणि सर्व्हिसचा माणूस सांगलीत येतो की मॉनिटर पुण्याला पाठवावा लागतो तेही विचार. खोकं आणि आतला थर्माकोल माळ्यावर ठेव. दादा रद्दीत घालायला निघेल, घालू देऊ नकोस.

घरी आणल्यावर डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्टची केबल लाव. बऱ्याच मॉनिटरांत पूर्ण वेग तिथूनच मिळतो, एचडीएमआयवर कमी. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः बदल. ते पुष्कळदा ६० वरच बसलेलं असतं, आणि १८० चे पैसे मोजून लोक वर्षभर ६० वर खेळतात. ऑफिसचा लॅपटॉप एचडीएमआयला जोड, म्हणजे बटणाने इकडून तिकडे जाता येईल. यूएसबी-सीच्या एका केबलवर चित्र आणि चार्जिंग दोन्ही देणारे मॉनिटर सोयीचे, पण महाग. आणि तुझ्या लॅपटॉपच्या त्या भोकातून चित्र बाहेर येतं का ते आधी तपासायला हवं, सगळ्यांतून येत नाही. जुना २२ इंची फेकू नकोस, बाजूला उभा करून त्यावर मेल आणि व्हॉट्सअॅप ठेव.

या हिशेबाने दोन-तीन मॉनिटर काढ आणि जाहिरातीचं पान न पाठवता त्यांच्या मागच्या लेबलाचा आणि मेन्यूचा फोटो पाठव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी
आत्या

ता.क. तुझा जीएसटी नंबर आहे, तर बिल त्या नंबरावर घे. बावीस हजारांच्या बिलात १८ टक्क्यांनी साधारण ३,३५० रुपये कर असतो. धंद्याच्या वापरापुरतं त्याचं क्रेडिट मिळतं, घरगुती वापराच्या वाट्याचं नाही. तेव्हा सीएला विचार, आणि व्हॅलोरंटचा वाटा किती धरायचा ते त्याच्यासमोर खरं सांग.