फांदीचा वंश

ज्येष्ठ सरून आषाढाच्या धारा लागल्या, की बाग करणाऱ्या माणसाच्या हातांना एक निराळी ओढ लागते. उन्हाळाभर जी झाडे केवळ जगवायची होती ती आता वाढवता येतील, छाटता येतील, त्यांच्यातून दुसरी झाडे उभी करता येतील, ही जाणीव त्या ओल्या हवेतच भरून असते. माझ्या घरामागच्या चिंचोळ्या जागेत जास्वंद, बटमोगरा, अनंत, तगर, आबोली, गुलबक्षी अशी कुणाच्याही परसात असावीत तशीच फुलझाडे आहेत. त्यांत दुर्मीळ असे काही नाही. परंतु पुष्कळ वर्षे त्यांच्या सहवासात गेल्यावर मला त्यांच्यात दोन कुळे दिसू लागली आहेत, एक बियांचे आणि दुसरे फांदीचे. रंगगंधांच्या भेदापेक्षा हा भेद मला अधिक विचारात पाडतो, कारण काळाशी नाते जोडण्याच्या या दोन सर्वस्वी भिन्न रीती आहेत.

बियांचे कूळ स्वावलंबी आहे. आबोलीची वाळलेली बोंडे पावसाचे थेंब पडताच तडकतात आणि बी दूरवर फेकतात; पाणी आले आहे, आता रुजता येईल, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. गुलबक्षी मिऱ्यांसारख्या काळ्या बिया आपल्याच पायाशी सांडते आणि पुढच्या पावसाळ्यात न बोलावता उगवते. ती मूळची अमेरिका खंडातली, पण इथल्या तिन्हीसांजांशी इतकी एकरूप झाली की तिचे परकेपण कुणाच्या स्मरणातही उरले नाही. तिच्या तांबड्या आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुलांची पिढी येते, आणि त्या गुलाबीच्या पोटी पुन्हा तांबडी, पांढरी आणि गुलाबी अशी तिन्ही फुले येतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कार्ल कॉरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आनुवंशिकतेचे कोडे ज्या झाडांच्या साक्षीने उलगडू पाहिले, त्यांत ही गुलबक्षी होती. बीज दोघांचा वारसा घेते आणि तिसरेच काही होते. आपल्यानंतर जे येईल ते आपल्यासारखे असेलच असे नाही, हे मान्य केल्यावाचून बी धरता येत नाही. सातत्यासाठी स्वतःच्या रूपावरचा हक्क सोडण्याचे हे औदार्य निसर्गाने फार प्राचीन काळी साधले, आणि माणसाला ते आपल्या मुलांच्या बाबतीत अजून पुरते साधलेले नाही.

फांदीच्या कुळाची कथा वेगळी आहे. आपल्याकडच्या घरगुती तांबड्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही. रानात स्वतःच्या बळावर वाढणारी अशी ती खात्रीने कुठे आढळलेलीही नाही. बटमोगरा, दुहेरी तगर, भरगच्च पाकळ्यांचा अनंत यांचीही हीच अवस्था. या निर्बीजतेचे एक कारण त्यांच्या सौंदर्यातच दडलेले आहे. जर्मन कवी गटे याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. पान, पाकळी, पुंकेसर ही सारी एकाच मूळ अवयवाची पालटलेली रूपे आहेत, असे त्याला दिसले. आणि दुहेरी फुलात पुंकेसरच माघारी फिरून पाकळी होतात, हेही त्याने नोंदले. कवीच्या दृष्टीला जाणवलेली ही एकात्मता दोन शतकांनी जनुकांच्या भाषेत उमगली. कोएन आणि मेयरोविट्झ या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये फुलांच्या घडणीची जी संकल्पना मांडली तिच्यानुसार एका जनुकाचे कार्य थांबले, की परागासाठी नेमलेल्या जागी पाकळ्यांची आणखी वलये उमलतात. बटमोगऱ्याचे ते शुभ्र, घट्ट, एकात एक मिटलेले वैभव म्हणजे संततीच्या वाट्याचे सत्त्व शोभेकडे वळवलेले आहे.

अशा फुलाला अरण्यात भवितव्य नसते. ते एकदा उमलते, आणि ज्या झाडावर उमलले त्या झाडाबरोबर संपते. परंतु कुठल्याशा विस्मृत काळी, कुठल्याशा बागेत, कुणाची तरी दृष्टी त्या जादा पाकळ्यांवर खिळली असेल आणि त्या व्यक्तीने फांदी खुडून ओल्या मातीत खोवली असेल. त्या क्षणी एक अलिखित करार झाला. फुलाने आपला वंश माणसाच्या रसिकतेवर सोपवला आणि माणसाने, नकळत का होईना, त्याच्या बीजाची जागा घेतली. तेव्हापासून वारा, पाखरे, पाऊस यांनी जे करायचे ते या झाडांसाठी आपले हात करीत आले आहेत. ज्याला आपण छंद म्हणतो त्याच्या मुळाशी इतके प्राचीन उत्तरदायित्व असू शकते, याचे मला प्रत्येक आषाढात नव्याने आश्चर्य वाटते.

फांदी रुजवण्याचे हे कौशल्य आपल्याकडे फार जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. ज्यांची कांडी शेणाने लिंपून लावावी अशा वनस्पतींची त्यात यादी येते, आणि फणस, डाळिंब, द्राक्ष यांच्या पंक्तीत अतिमुक्तक ही फुलांची वेलही येते. ग्रहनक्षत्रांची गणिते करणाऱ्या प्रज्ञेला फांदीच्या कापाला शेण लावण्याची गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली, यात त्या काळाच्या विद्येची विशालता आहे. आजही माळी तेच करतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना जून अशी फांदी निवडावी, पेराच्या किंचित खाली तिरपा काप घ्यावा, खालची पाने काढावीत आणि दोन पेरे मातीत जातील अशी ती सावलीत लावावी. खुरचाफ्याची रीत उलटी. त्याची फांदी कापल्यावर चीक सुकेपर्यंत काही दिवस तशीच कोरडी ठेवावी, नाहीतर ती मातीत कुजते. अनंताला गुटी बांधावी. मोगऱ्याची लवचीक फांदी आईपासून न तोडताच वाकवून मातीत दाबावी, वर दगड ठेवावा आणि तिला स्वतःची मुळे फुटल्यावर मगच कात्री लावावी. प्रत्येक झाडाला विलग होण्याची आपली एक पद्धत असते, आणि ती ओळखणे हीच या कलेची पहिली दीक्षा होय.

या साऱ्यात मला सर्वांत गूढ वाटते ते फांदीचे दिशाभान. तिच्यातला वाढीचा रस शेंड्याकडून बुडाकडे वाहत असतो, खालच्या कापाशी साठतो, आणि जिथे कालपर्यंत केवळ लाकूड होते तिथे मुळे फुटण्याची प्रेरणा निर्माण होते. फांदी उलटी खोवली तरी तिच्या पेशींना आपले मूळचे खाली आणि वर ठाऊक असते. मुळापासून तुटलेल्या जीवात मुळे निर्माण करण्याचे सामर्थ्य त्याच्या जखमेपाशीच एकवटावे, आणि तरीही त्याने आपली दिशा विसरू नये! देशांतर केलेल्या, घरदार सोडून नव्या गावी रुजलेल्या किती माणसांच्या आयुष्यांत हेच घडताना आपण पाहिलेले असते.

मग एक प्रश्न उभा राहतो, आणि तो सुटत नाही. माझ्याकडची जास्वंद कोकणातल्या एका काकूंच्या अंगणातून आली. त्यांनी ती त्यांच्या सासूबाईंच्या माहेराहून आलेल्या झाडापासून लावली होती. बियांतून आली असती तर तिला त्या झाडाची नात म्हणता आले असते. पण ही तर तीच आहे, त्याच देहाचा विस्तार. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला आंबे चोरणाऱ्या माणसाचा दृष्टांत देतो. चोर म्हणतो, मी नेलेले आंबे निराळे, मालकाने लावलेला आंबा निराळा. नागसेन म्हणतो, तरीही तो दोषी आहे, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्याच्या आधारानेच आले आहेत. तोही नाही आणि निराळाही नाही, असे ते मधले सत्य. नागसेनासमोर आंब्याऐवजी जास्वंद असती तर, मला वाटते, हे मधले सत्य 'तोच'कडे आणखी झुकले असते. या झाडाचे वय काय मोजावे? माझ्या अंगणातले मोजावे, की त्या विस्मृत पहिल्या फांदीपासूनचे? किती पिढ्यांच्या देवघरांतून हेच एक झाड फुलत आले असेल! आपण ज्याला नित्य नवे फूल म्हणून देवाला वाहतो, ते एका अखंड, अनाम दीर्घायुष्याचे आजचे उच्छ्वसित असते.

असे दीर्घायुष्य कोंडून ठेवू पाहणाऱ्याचीही एक कथा आहे, आणि तिचा उगम आपल्याच किनाऱ्यावर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याचा दुहेरी मोगरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्या बागेत पोहोचला. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथे तो जिवापाड जपला गेला. आख्यायिका सांगते, की ड्यूकने त्याची फांदी बाहेर नेण्यास सक्त मनाई केली होती. पण एका तरुण माळ्याने आपल्या प्रेयसीला गुच्छ दिला त्यात या मोगऱ्याची डहाळी होती, तिने ती मातीत लावली, आणि त्या डहाळीने त्या दोघांचा संसार उभा राहिला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला न्याय मला खरा वाटतो. त्या जातीला आजही ड्यूकचे नाव आहे, मात्र तिचा प्रसार त्या अनाम माळ्याच्या वृत्तीच्या माणसांनीच केला आहे. मालकीमुळे नाव टिकले, आणि झाड टिकले ते दिल्यामुळे.

या ड्यूकच्या शेजारी मला कण्वाश्रमातली शकुंतला उभी दिसते. आपणच जिला वनज्योत्स्ना असे नाव दिले त्या नवमालिकेचा निरोप घेताना ती तिला सोबत नेत नाही. दोघी सख्यांच्या हाती ठेव म्हणून सोपवते. सख्या विचारतात, आम्हांला मात्र कुणाच्या हाती सोपवलेस? कालिदासाने त्या क्षणी वेल आणि माणूस यांना एकाच दुःखाच्या आणि एकाच विश्वासाच्या पातळीवर आणले आहे. ठेव म्हणून जे सोपवले जाते त्यावर देणाऱ्याचा हक्क उरतो आणि घेणाऱ्याचे कर्तव्य सुरू होते, आणि फुलझाडांच्या संदर्भात ही दोन्ही नाती एकाच वेळी दोन्ही बाजूंनी खरी असतात.

याचा प्रत्यय बाग करणाऱ्या प्रत्येकाला केव्हातरी येतो. मुळाला वाळवी लागते, घर पाडून इमारत उभी राहते, एखाद्या उन्हाळ्यात गावाला गेलेले असताना मोगरा पाण्यावाचून वाळून जातो. आपल्या पुण्या-मुंबईच्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या कितीतरी अनंतांचा आणि जुईंचा शेवट असाच झाला. अशा वेळी आपण ज्यांना पूर्वी फांदी दिली होती त्यांच्या दारी जातो, आणि आपलेच झाड आपल्याला परत मिळते. जे दिले तेवढेच उरते, हे वाक्य संतवचनासारखे उदात्त वाटते. फांदीच्या कुळासाठी ते साधे वनस्पतिशास्त्र आहे.

म्हणून छाटणी झाल्यावर खाली पडलेल्या फांद्यांकडे मी आता कचरा म्हणून पाहू शकत नाही. त्यांतल्या निवडक कुणाला तरी देताना नकळत काही वाक्येही दिली जातात: सावलीत ठेव, माती ओलसर असू दे पण पाणी साचू देऊ नकोस, आणि मुळे फुटली का हे पाहायला ओढू नकोस. ही शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. फांदीला साठवलेल्या सत्त्वावर पालवी आधी फुटते, मुळे मागाहून येतात. त्यामुळे वरचे हिरवेपण हा रुजल्याचा पुरावा नसतो, आणि पुरावा मागितला तर कोवळी मुळे तुटतात. मलाही हे कुणीतरी असेच फांदीबरोबर सांगितले होते, त्यांना आणखी कुणी. झाडाबरोबर हा संयमही हातोहात आला आहे, आणि त्यालाही बी नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याने तो दुसऱ्याला प्रत्यक्ष द्यावा लागतो. विद्या, माया, सुसंस्कृतता या माणसाच्या साऱ्या दुहेरी पाकळ्यांची गोष्ट मला याहून वेगळी दिसत नाही.