छायाचित्रात मावलेला मोर्चा

मार्च 2018 मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चकडे शहरी वाचकांचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले, ते सुमारे 180 किलोमीटरच्या वाटेवर सोललेल्या तळपायांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली तेव्हा. यामागे करुणेइतकाच तंत्राचाही हात होता. बातमीचा दुवा फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की त्यासोबत एक चौकट आपोआप उमटते. तीत मथळा, एखादी ओळ आणि प्रकाशकाने नेमून दिलेले चित्र एवढेच मावते, आणि वाचायचे की पुढे सरकायचे हे बहुधा त्या चौकटीवरच ठरते. शहरातील बातमीला ओळखीचे चेहरे आणि ठिकाणे यांचा आधार असतो. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील शेतकऱ्याला तो नसल्याने ते सारे काम एकट्या छायाचित्रावर येऊन पडते.

मात्र तळपाय दिसले म्हणून मागणी दिसली, असे झाले नाही. मोर्चात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि त्यांचा मुख्य आग्रह 2006 च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीचा होता. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, हा कायदा हक्क देतो. प्रत्यक्षात दावे फेटाळले जातात किंवा कसणुकीपेक्षा कमी क्षेत्र मंजूर होते, ही मोर्चेकऱ्यांची तक्रार होती. पडून राहिलेल्या दाव्याच्या फायलीचे छायाचित्र कोण कोणाला पाठवणार? दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून मोर्चा रात्रीतून आझाद मैदानावर पोहोचला, तेही चित्रातून उमगण्याजोगे नव्हते. ते शब्दांतच सांगावे लागले. सोललेल्या पायांनी दैन्य दाखवले, या माणसांची संघटनाशक्ती आणि कायद्याची जाण मात्र चौकटीबाहेर राहिली. 2019 आणि 2023 मध्ये पुन्हा मोर्चे निघाले, तेव्हाही वनहक्क मागण्यांमध्ये होताच.

पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात छायाचित्राखाली माणसाचे नाव, गाव आणि काम सहसा नोंदवलेले असते व सोबत मराठीसह अनेक भाषांत दीर्घ मजकूर असतो, ही रीत म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात तेथील चित्रही कोणी मोबाइलमध्ये उतरवून एकटेच पुढे धाडू शकतो, आणि मग प्रथम गळते ती चित्राखालची ओळ.