जागा वेगळी, मान वेगळा

आजचं चिंतन जरा बर्फावरचं! जोनाथन क्विक, आइस हॉकीतला गोलरक्षक. २०१२ आणि २०१४ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जला स्टॅन्ली कप मिळाला तो याच्या भरवशावर. पुढे खेळ उतरला आणि २०२३ मध्ये किंग्जनेच त्याला सोडलं. मग तो न्यूयॉर्क रेंजर्सचा राखीव गोलरक्षक झाला. गोल झाले की चाहते भांडायचे. कुणी म्हणे, 'आता पुरे'; कुणी म्हणे, 'उपकार विसरू नका'.

मला वाटतं, दोघंही दोन प्रश्नांची गल्लत करतात. जागा आजच्या खेळावरच मिळावी, नाहीतर बाकीच्या खेळाडूंवर अन्याय होईल. पण मान? तो कालच कमावलेला असतो. जागा गेली म्हणून तो काढून घ्यायचा नसतो.

घरातल्या थकलेल्या हातांशी आपण कसं वागतो? आज एवढंच तपासूया.