डिशचा दृष्टान्त कुठवर चालतो?

देव दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणाऱ्याला गप्प करण्यासाठी घरोघरी डिश आल्यापासून प्रवचनांत एक सोपे शस्त्र सापडले आहे. या मंडपात शेकडो वाहिन्यांच्या लहरी भरून आहेत, पण डोळ्यांना एकही दिसत नाही. गच्चीवरची डिश नीट लावली की सगळ्या दिसतात. तसे मन नीट लावा, देव दिसेल. हुबळी-धारवाडसारख्या मठ आणि प्रवचने अंगवळणी पडलेल्या शहरांत श्रोते यावर चटकन माना डोलावतात. माझे म्हणणे असे, की या दृष्टान्ताने देव सिद्ध तर होत नाहीच, उलट ज्याची बाजू घ्यायची त्यालाच तो लहान करतो.

आधी डिशकडे नीट पाहू. विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा राहतो. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ज्यावरून येतात तो जीसॅट-15 नोव्हेंबर 2015 मध्ये फ्रेंच गयानातून सोडला गेला. त्याची जागा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि त्याच्यावर लक्ष असते आपल्याच कर्नाटकातल्या हासनच्या केंद्राचे. हुबळीच्या गच्चीवरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 62 अंश वर असला पाहिजे, हे कागदावर काढता येते. घरगुती डिशची एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपणारी डबी, मधोमध नसून खालून आलेल्या दांड्यावर असते. त्यामुळे डिश बरीच उभी वाटते, पण तिचा रोख वाटतो त्याहून वीसेक अंश वर असतो. डिश बसवणारा नट सैल करून ती केसभर सरकवतो, खालून कुणीतरी सिग्नलचा पट्टा वाढला की उतरला ते ओरडून सांगतो, आणि पट्टा भरला की नट आवळला जातो. दोन-तीन अंश चुकले तर चित्र नाही. शिवाय दरवर्षी मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबरअखेर सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो, त्याच्या रेडिओ-गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो, आणि काही मिनिटे चित्र जाते. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे आधीच सांगता येते.

उपग्रह न पाहता मानायचा तो यामुळे. त्याच्याविषयी नेमके बोलता येते आणि बोलणे चुकले तर ते सर्वांदेखत चुकते. न्यायदर्शनाच्या कसोटीवर हे चोख अनुमान आहे: डिश त्या दिशेला असली की चित्र येते हा अन्वय, ती फिरवली की जाते हा व्यतिरेक. देवाच्या बाबतीत व्यतिरेक आणायचा कुठून? देव नसलेली एखादी जागा दाखवता आली तरच तुलना करता येईल, आणि भक्ताच्या मते तशी जागाच नाही. सर्वव्यापी असणे हा भक्तीचा प्राण आहे, पण अनुमानाची वाट नेमकी तिथेच खुंटते. उपग्रहाच्या लहरी तर मुळीच सर्वव्यापी नाहीत. त्यांचा झोत ठरावीक भूभागावर बेतलेला असतो. अंदमान-निकोबारला फ्री डिशसाठी सी-बँडची वेगळी सोय करावी लागली. पत्र्याच्या मांडवाखाली त्या पोचत नाहीत, आणि जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या या लहरी धारवाडच्या मुसळधार पावसात वाटेतच शोषल्या जातात. ईश्वराला ही उपमा देणारा त्याला हद्द घालतो आहे.

यावर कोणी म्हणेल, दृष्टान्त समजावण्यापुरता असतो, तो इतका ताणू नये. मान्य, पण जो मुद्दा समजवायचा तिथे तरी साम्य हवे. ‘दिसत नाही तरी आहे’ हा इथला मुद्दा, आणि ‘आहे’ कशावरून, याची उत्तरे दोन्हीकडे अगदी वेगळी आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टीव्ही बघणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे गणित केलेले असते? तेही तंत्रज्ञाच्या शब्दावरच विसंबतात, मग संतांच्या शब्दावर विसंबणे कमी कसे? पण तंत्रज्ञाच्या शब्दामागची वाट कुणालाही चालून पाहता येते. हुबळीत 1947 पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, धारवाडला 2016 पासून आयआयटी. जो शिकेल त्याच्या हाती तेच आकडे येतील, त्याची श्रद्धा असो वा नसो. साधनेचीही वाट आहे, हे मी नाकारत नाही. पण तिचे फळ दुसऱ्याच्या मीटरवर दाखवता येत नाही, आणि श्रद्धा बाजूला ठेवून ती चालताही येत नाही.

तिसरा आक्षेप जाणकाराचा. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, स्वतःच अनुमानाने ईश्वर सिद्ध केला नाही का? केला, उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली त्यासाठीच आहे. पण त्यांनी जग हे कार्य आहे इथून सुरुवात केली, अदृश्यपणाला पुरावा मानले नाही. आणि तेही रामानुजांना पटले नाही: ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्याच सूत्रावर श्रीभाष्यात त्यांनी हे अनुमान खोडून काढले आणि ईश्वर शास्त्रावाचून कळत नाही असे ठामपणे मांडले. ते स्वतः परम भक्त होते, म्हणूनच त्यांना कच्चा आधार नको होता.

हुबळीत तर हा दृष्टान्त जास्तच खटकतो, कारण सिद्धारूढ स्वामींची परंपरा अद्वैताची. ब्रह्म हा डोळ्यांना दिसणारा विषय नव्हे, ज्याच्यामुळे डोळा पाहतो ते ब्रह्म, अशी केनोपनिषदाची मांडणी. उपग्रह आज डोळ्यांआड असला तरी विषयच आहे. दुर्बिणीतून तो ठिपक्यासारखा दिसतोही. ब्रह्म असे दूर कुठे लपलेले नाही, की अमुक अंशांत मान वळवली म्हणजे सापडावे. 1929 मध्ये समाधिस्थ झालेल्या स्वामींच्या दाराशी जातपात न पाहता माणसे येत राहिली. तिथे त्यांना काय मिळाले याची साक्ष त्यांच्या वागण्यात शोधावी लागेल. ती साक्ष तपासणे सिग्नलच्या पट्ट्याइतके सोपे नाही, पण श्रद्धेविषयी बोलायचे असेल तर बोलणे तिथूनच सुरू व्हायला हवे.