पिवळा दिवा



दत्तभक्तहो, अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात एक पतंग. दिव्याचा अर्थ चुकीचा लावला की पंख जळतात, हे त्याने शिकवले.

आपण पाथरीकर रेल्वेसाठी मानवत रोडला जातो. तिथले सिग्नल बघताना पतंग आठवावा. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा, हे नातवंडांनाही ठाऊक. गोम पिवळ्यात आहे. एक पिवळा म्हणजे जा, पण पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने. भरधाव गाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थांबत नाही हो, म्हणून ही आगाऊ सूचना. आणि दिवा विझलेला असेल तर? लालच समजायचा. बँकेत सही जुळली नाही की आम्ही चेक परत करायचो, तसेच.

२९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्रात विजयनगरम जिल्ह्यात सिग्नल बिघडलेले होते. दोन मिनिटे थांबून मग ताशी १० किलोमीटरने जायचा नियम. प्राथमिक चौकशीप्रमाणे तो पाळला गेला नाही. पॅसेंजर पुढच्या पॅसेंजरवर मागून आदळली, कितीतरी जीव गेले.

आपली साखर वाढते, पाऊल बधिरते, मुलगा फोनवर दोनच शब्द बोलतो. हे पिवळे दिवे. आपण त्यांना हिरवे म्हणतो, कारण लाल अजून लागला नाही ना!

इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. एकट्याच्या डोळ्यांवर भिस्त नाही. संसारातही दोघे असतातच की. यंदा दत्तजयंतीला निर्जळी उपवास करतो म्हणालो, तर स्वयंपाकघरातूनच आवाज आला, "अहो, पिवळा!" भगर आणि शेंगदाण्याची आमटी ठरली.