वाळकी काटकी

सहारा वाळवंटाच्या दक्षिण भागात, नायजर देशात, तेनेरे नावाचा मुलूख आहे. आयिरचे डोंगर मागे टाकून पूर्वेला निघालं की पुढे दिवसचे दिवस वाळूच वाळू. त्या वाळूत एक झाड उभं होतं. बाभळीच्या जातीचं, काटेरी, जेमतेम सावली देणारं. शेकडो किलोमीटरच्या टापूत त्याला दुसरा सोबती नव्हता. सबंध देश हातभर कागदावर मावेल अशा नकाशातही हे एकटं झाड छापलेलं असे. अगादेझहून बिल्म्याला मीठ आणायला जाणारे तुआरेग लोकांचे उंटांचे तांडे त्याच्या खुणेनं वाट धरत.

1950 नंतरच्या एका हिवाळ्यात अशाच एका तांड्याबरोबर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा निघाला. तांड्याचा म्होरक्या म्हणजे त्याचे आजोबा. वाट साडेपाचशे किलोमीटरच्या घरातली. जाताना उंटांवर बाजरी, कापड आणि उंटांचाच चारा. येताना मिठाचे खांब आणि खजूर. पहाटे पाय उचलायचा तो रात्री उशिरा टेकायचा. बाजरीच्या पिठात कुटलेला खजूर आणि शेळीच्या दुधाचं वाळवलेलं चीज कालवून, वर पाणी घालून, ते चालता चालताच प्यायचं. वाळूच्या लांबलचक टेकाडांचा रोख, अंगावर येणारा वारा आणि रात्री तारे, एवढ्यावर आजोबा वाट काढत.

झाडापाशी पोचले त्या रात्री थंडीनं हाडं वाजत होती. बरोबर आणलेलं सरपण पुढच्या दिवसांसाठी राखलेलं. लेंड्यांचा जाळ धूर जास्त देत होता, ऊब कमी. मुलाची नजर खालच्या फांदीवर गेली. एक काटकी पार वाळलेली होती. त्यानं हात वर केला.

“राहू दे,” आजोबा म्हणाले.

“वाळकी आहे, आजोबा. झाडाला तिचा काय उपयोग?”

“झाडाला नसेल.”

“मग?”

आजोबांनी तोंडावरचं कापड सारखं केलं. “तुझ्याएवढा होतो तेव्हा मीही असाच हात उचलला होता. माझ्या आजोबांनी तो धरला. रात्रभर कुडकुडलो. त्यांच्या लहानपणी त्यांचाही कुणीतरी धरला असेल. आम्ही सगळे इथं गारठलो, म्हणून आज तुला तोडावीशी वाटायला ही काटकी तरी आहे.”

मुलाला हे मुळीच पटलं नाही. त्याला थंडी वाजत होती. तो उंटाच्या कुशीला जाऊन पडला आणि मनातल्या मनात आजोबांना कंजूष म्हणत राहिला.

सकाळी पाणी काढायचं होतं. झाडाजवळचा आड 1938-39च्या हिवाळ्यात खणलेला, आणि खणणाऱ्यांना तेहतीस-छत्तीस मीटर खोलीवर, पाण्याच्या पातळीशी, या झाडाची मुळं लागली होती. पोहऱ्याचा दोर उंटाला बांधला. मुलगा उंटाबरोबर चालू लागला. चालला, चालला, मागे वळून पाहिलं तर आजोबा चिमुकले दिसत होते, आणि पोहरा अजून वर आलेला नव्हता. तो परत आला तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, “एवढं हे खाली गेलंय. आपण वर एक रात्र काढली.”

या मुळांचं कौतुक सगळेच करतात, आणि करावंच. मला त्याहून मोठी गोष्ट दिसते ती वर, जमिनीवरची. तिथं राखणदार नव्हता, कुंपण नव्हतं, दंडही नव्हता. थंडीनं काकडलेली माणसं आणि पाल्याला हपापलेले उंट तिथून पिढ्यानपिढ्या जात राहिले. माणसं उंटांना आवरत, स्वतःलाही आवरत, आणि झाड जागच्या जागी राही. आपल्याकडे कित्येक देवरायांत पडलेली फांदीही कुणी घरी नेत नाही, तशीच ही रीत. पण देवराईच्या शिवेबाहेर सरपणाला दुसरं रान असतं. तेनेरेत नव्हतं.

मग त्या वाटेनं ट्रक येऊ लागले. आंरी लोत या फ्रेंच संशोधकानं 1934 मध्ये हे झाड हिरवंगार, फुललेलं पाहिलं होतं. तेव्हा त्याला दोन खोडं होती. 1959 मध्ये तो पुन्हा गेला तेव्हा एकच उरलं होतं, दुसऱ्याचा नुसता खुंट. बिल्म्याला जाणाऱ्या ट्रकनं धडक दिली होती.

पुढे 1968 पासून साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या, पट्ट्यात दुष्काळ पडला. जनावरं पटापट मेली. आपल्या कथेतला मुलगा आता बाप्या झाला होता, आणि त्याच्या दावणीला एकही उंट उरला नव्हता. पोटासाठी तो ट्रकवर वाटाड्या म्हणून लागला. जी वाट आजोबांनी ताऱ्यांवर शिकवली, तीच आता तो ड्रायव्हरला बोटानं दाखवत होता.

1973 मध्ये एका संध्याकाळी त्यांचा ट्रक आडापाशी थांबला. झाड आडवं पडलेलं होतं. आदल्या कुठल्याशा ट्रकनं उरलेलं खोडही पाडलं होतं. चहूकडे क्षितिजापर्यंत मोकळं रान, आणि धडक बसली ती नेमकी त्याला. वाटाड्या खाली उतरला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.

ड्रायव्हर मागून कुऱ्हाड घेऊन आला. “चला, आज जाळाची चिंता मिटली.”

“राहू दे.”

“अरे, मेलंय ते. आता कुणासाठी राखायचं?”

वाटाड्यापाशी उत्तर तयार नव्हतं. तो म्हणाला, “लहानपणी मीही आजोबांना असंच विचारलं होतं.”

“मग काय म्हणाले?”

“रात्रभर गारठवलं मला.”

ड्रायव्हर वैतागून हसला. कुऱ्हाड मात्र त्याच्या हातातच होती. वाटाड्या त्याच्या आणि खोडाच्या मध्ये येऊन बसला. “पाडलं त्याचं तो बघून घेईल. जाळणारा मी होणार नाही, आणि माझ्यादेखत तुलाही होऊ देणार नाही.”

त्या रात्री दोघांनी थंड बाजरी खाल्ली. ड्रायव्हर झोपेपर्यंत शिव्या घालत होता.

8 नोव्हेंबर 1973 रोजी ते मेलेलं झाड राजधानी नियामेच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेण्यात आलं. तिथं कुंपणाच्या आत ते उभं केलं आहे, फांद्यांसकट. मूळ जागी धातूचं साधं झाड रोवलं गेलं.

पुढे वाळवंट पाहायला गोरे पाहुणे गाड्या घेऊन येऊ लागले. वाळवंट म्हणजे रिकामी जागा, गाडी कुठेही घाला, असं प्रवाशांना सगळीकडेच वाटतं. नामिबियात खडीच्या माळांवर दगडफुलाचा पातळ थर असतो. त्यावरून एकदा चाक गेलं की ओरखडा कित्येक दशकं बुजत नाही. तेनेरेतली वाळू चाकोऱ्या लवकर पुसते, म्हणून तर काही बिघडलंच नाही असं वाटून तिथं फसायला होतं.

आपला वाटाड्या तोवर पिकल्या दाढीचा झाला होता. धातूचं झाड दिसू लागलं की तो लांबच गाडी थांबवायला लावी आणि सगळ्यांना पायी न्यायचा. एकदा एक पाहुणा चिडला. ऊन रणरणतं, आणि उतरायचं कशासाठी?

“इथं आता मोडण्यासारखं उरलंय काय?” त्यानं विचारलं.

“आड आहे,” वाटाड्या म्हणाला. “काठ ढासळला की तो वाळूनं भरतो. मागून तांडा येतोय, उद्या इथं पोचेल. उतरा.”